‘बॉडी हीट’: भर उन्हाळ्यातला काळोख

फिल्म न्वारचा, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतील हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांचा, पोशाख चढवणे अवघड नाही. पट्ट्यांच्या पडद्यातून भिंतीवर उतरणाऱ्या आडव्या सावल्या, रक्षापात्रात जळत राहिलेली सिगारेट, पावसाने चकाकणारा रस्ता, दूरवर वाजणारा सॅक्सोफोन आणि अर्ध्या चेहऱ्यावर उजेड घेऊन दारात उभी असलेली स्त्री, एवढी सामग्री जमली की प्रौढांसाठी काढलेला कोणताही शृंगारिक चित्रपट स्वतःला न्वार म्हणवून घेतो. अशा चित्रपटांत बहुतेक वेळा एक गोष्ट हमखास घडते. शय्यागृहाचे दार बंद झाले की कथा बाहेर ताटकळत उभी राहते, आणि आतला प्रसंग संपल्यावर जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा चालू लागते. मधली दहा मिनिटे कापून टाकली तरी गुन्ह्याच्या गुंत्यातला एकही धागा सुटत नाही. लॉरेन्स कॅस्डन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘बॉडी हीट’ (१९८१) मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, कारण त्यात ही फट जवळजवळ कुठेच नाही. यातले शरीराचे प्रसंग काढून टाकले तर गुन्हा कसा घडला हेच प्रेक्षकाला कळणार नाही.

कथेचा सांगाडा जुना आहे, आणि तो जुना असल्याचे चित्रपट लपवत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका लहान गावात नेड रसीन नावाचा वकील आहे. तो बुद्धीने बेताचा, कामात हलगर्जी आणि स्त्रियांच्या बाबतीत आत्मविश्वासाने ओसंडणारा. उन्हाळ्याची लाट आलेली असताना एका रात्री त्याला मॅटी वॉकर भेटते. ती विवाहित आहे, तिचा नवरा श्रीमंत आहे, वयाने मोठा आहे आणि आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतो. पुढे काय होणार हे न्वारच्या जाणकाराला पहिल्या पंधरा मिनिटांत समजते, आणि तरीही जे होते ते कोणासाठी, कोणाच्या योजनेनुसार आणि कधीपासून, हे शेवटपर्यंत समजत नाही. शेवट मी येथे सांगणार नाही, कारण हा चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याचा तो हक्क मला मोलाचा वाटतो.

या सांगाड्याचे मूळ शोधायला १९४४ पर्यंत मागे जावे लागते. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये विमा-विक्रेता आणि विवाहित स्त्री मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात, आणि त्या चित्रपटाचे ऋण ‘बॉडी हीट’वर उघड आहे. फरक आहे तो काळाच्या नियमांचा. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून काटेकोरपणे राबवली गेलेली निर्मितिसंहिता १९६८ मध्ये वयानुसार वर्गीकरणाची पद्धत येईपर्यंत टिकून होती, आणि तिच्या चौकटीत विवाहबाह्य संबंध पडद्यावर उघडपणे दाखवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून वाइल्डर यांच्या चित्रपटात नायक-नायिका कोचावर जवळ येतात, दृश्य विरघळते, मध्ये निवेदन येते, आणि आपण परततो तेव्हा तो पहुडलेल्या अवस्थेत सिगारेट ओढत असतो आणि ती ओठांना लाली लावत असते. मधल्या वेळात काय घडले ते प्रेक्षकाने समजून घ्यायचे. न्वारची सावली अशा न सांगितलेल्या गोष्टींतूनच घडली होती. जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या दिग्दर्शकांनी व छायालेखकांनी सोबत आणलेली गडद प्रकाशयोजना या सक्तीच्या मौनाला फार जुळून आली. चौकटीचा अर्धा भाग काळा ठेवला की तिथे काय आहे, याचा विचार बघणारा स्वतःच करू लागतो.

मग १९८१ मध्ये, सगळे दाखवण्याची मुभा मिळाल्यावर, न्वारने काय करायचे? मला वाटते, कॅस्डन यांच्यापुढचा खरा प्रश्न हाच होता. शरीर झाकण्याची सक्ती गेली, तर मग लपवायचे काय? त्यांनी दिलेले उत्तर असे, की शरीर उजेडात आणायचे आणि हेतू अंधारात ठेवायचा. नेडला मॅटीच्या अंगाखांद्याविषयी सर्व काही माहीत होते आणि मॅटीविषयी काहीच माहीत होत नाही. प्रेक्षकही त्याच्याइतकाच फसतो, कारण जवळीक म्हणजे ओळख असा आपलाही समज असतो.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते काच फोडण्याच्या प्रसंगात. हा प्रसंग प्रौढांसाठीच्या सिनेमातील दृश्यकथनाचा वस्तुपाठ आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मॅटी नेडला घरी आणते ती पोर्चवर टांगलेल्या वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा दाखवण्याच्या निमित्ताने, आणि मग त्याला निरोप देऊन आत जाते. तो गाडीकडे जातो, थांबतो, परत फिरतो. दार बंद आहे. दारालगतच्या काचेतून ती त्याला दिसते. दिवाणखान्याच्या उजेडात, लाल स्कर्टमध्ये, ती निश्चल उभी राहून त्याच्याकडे पाहत असते. तो एक दार ढकलून पाहतो, मग दुसरे, मग खिडकी. पोर्चभर त्याची येरझार चालते आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो. ती मात्र हलत नाही. शेवटी तो पोर्चवरची खुर्ची उचलून काचेवर फेकतो आणि फुटलेल्या काचेतून आत शिरतो.

पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग अनावर वासनेचा वाटतो. पुरुष आक्रमक आहे, स्त्री वाट पाहणारी आहे, आणि संगीत चढत जाते. दुसऱ्यांदा पाहताना, म्हणजे शेवट माहीत असताना, त्याच चौकटी वेगळेच सांगू लागतात. उजेडात ती आहे, म्हणजे दिसावे असे तिनेच ठरवले आहे. कुलूप तिने लावले आहे. घर तिचे आहे, आणि त्यातला एकमेव मोकळा मार्ग काच फोडून येणाराच आहे. दाराबाहेरचा माणूस स्वतःला घुसखोर समजतो, आणि खरे तर त्याची परीक्षा चालू असते. हा माणूस हवे ते मिळवण्यासाठी नियम मोडेल का, मोडल्यावर परिणामांचा विचार करील का, हे तिला तपासून घ्यायचे आहे. काच फुटते त्या क्षणी तिला दोन्ही उत्तरे मिळतात. संवादाचा एक शब्दही न वापरता खुनाच्या कटातील पहिली पायरी येथे पूर्ण होते, आणि प्रेक्षक मात्र ती शृंगाराची सुरुवात म्हणून पाहत असतो. शृंगार आणि कथानक यांचा इतका घट्ट वीण असलेला मिलाफ मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

प्रकाशयोजनेबद्दल बोलायचे तर रिचर्ड एच. क्लाइन यांच्या छायालेखनाने न्वारचा मूळ व्याकरणनियमच उलटा केला आहे. कृष्णधवल न्वारमध्ये काळोख थंड असतो. ओला रस्ता, धुके, लांब कोट, कॉलर वर करून चालणारी माणसे. येथे काळोख तापलेला आहे. दिव्यांचा पिवळसर, नारिंगी उजेड त्वचेवरच्या घामावर पडून चकाकतो आणि उरलेली चौकट निळ्याकाळ्या रात्रीत बुडते. चित्रपटाची सुरुवातच आगीने होते. नेड उघड्या अंगाने खिडकीशी उभा राहून दूरवर जळणारे हॉटेल पाहत असतो, आणि त्या आगीत कुणाचा तरी फायदा आहे हे त्याला वकील म्हणून ठाऊक असते. म्हणजे पहिल्याच मिनिटात तीन गोष्टी एका चौकटीत येतात, उष्णता, शरीर आणि पैशासाठी लावलेली आग. पुढचा सगळा चित्रपट या तिन्हींचाच विस्तार आहे.

ज्या उष्म्याने पडदा घामेजलेला दिसतो, तो चित्रीकरणाच्या वेळी तिथे नव्हता, ही गोष्ट मला नेहमीच आदराने थक्क करते. फ्लोरिडातले हे चित्रीकरण थंडीच्या दिवसांत झाले. कलाकारांच्या अंगावर पाणी फवारून घाम तयार करावा लागत असे. असे असूनही, टबातल्या पाण्यात बर्फाचे खडे ओतले जातात तो प्रसंग पाहताना त्या गारव्याने आपल्यालाच हायसे वाटते. उकाडा येथे हवामानापुरता राहत नाही, तो माणसांच्या वागण्याचा एक हेतू बनतो. ऑस्कर हा पोलीस अधिकारी एका संभाषणात सांगतो, की पारा असा चढला की लोकांना जुने नियम आता लागू नाहीत असे वाटू लागते. मॅटीही आपल्या शरीराचे तापमान इतरांपेक्षा थोडे जास्तच असते असे सांगते. पुढे कळते, की त्या तापलेल्या शरीरातले डोके मात्र सर्वांत थंड होते.

जॉन बॅरी यांच्या संगीताविषयी माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. मुख्य धून, सॅक्सोफोनवरची, आळसावलेली आणि उदास, अप्रतिम आहे. ती पुढच्या काळात इतक्या शृंगारिक थरारपटांनी उचलली, की आज ती प्रथमच ऐकणाऱ्याला ती उसनी वाटण्याची शक्यता आहे. हा दोष मूळ रचनेचा नव्हे. परंतु काही ठिकाणी संगीत आधीच स्पष्ट असलेली भावना पुन्हा अधोरेखित करते, आणि तिथे मला पोर्चवरच्या त्या घंटांचा आवाज पुरेसा वाटला असता. तो आवाज कथेत किती वेळा आणि कोणत्या क्षणी येतो याकडे कान ठेवून पाहावे. संगीतापेक्षाही अचूक सूचना तो देतो.

कॅथलीन टर्नर यांचा हा पहिला चित्रपट होता, यावर पाहताना विश्वास बसत नाही. त्याआधी त्यांनी दूरचित्रवाणीवरील एका दीर्घ मालिकेत काम केले होते. त्यांच्या खालच्या पट्टीतल्या, किंचित घोगऱ्या आवाजाची वाखाणणी सर्वांनीच केली आहे, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे ऐकणे. नेड बोलत असताना मॅटी ज्या एकाग्रतेने ऐकते, त्यात त्याला प्रेम दिसते. ती प्रत्यक्षात माहिती गोळा करत असते. या भूमिकेचे यश असे, की दोन्ही अर्थ एकाच चेहऱ्यावर राहतात आणि दुसऱ्यांदा पाहतानाही मला हे सांगता येत नाही, की तिच्या सर्व शब्दांत एकही खरा नव्हता. विल्यम हर्ट यांनी नेडचा बेफिकीर रुबाब आणि त्याखालचा उथळपणा असा मिसळला आहे की त्याची कीवही येते आणि चीडही येते. पुरुष नायकाला बुद्धीने कमी दाखवण्याचे धाडस त्या काळच्या देखण्या नटांपैकी किती जणांनी केले असते, याची मला शंका आहे.

शय्येवरच्या प्रसंगांची मांडणीही याच शिस्तीत आहे. नग्नता आहे, ती टाळलेली नाही, परंतु कॅमेरा अवयवांची यादी करत बसत नाही. तो चेहऱ्यांवर थांबतो, आणि खुनाचा विचार पहिल्यांदा शब्दांत येतो तोही अशाच जवळिकीच्या वातावरणात. पटकथेची चतुराई अशी, की हा विचार आपलाच आहे असे नेडला वाटते. प्रत्येक प्रसंगानंतर त्याच्याकडे थोडी अधिक खात्री आणि थोडी कमी बुद्धी उरते. कॅरल लिटलटन यांचे संकलन या प्रसंगांना अकारण लांबवत नाही, ते संपायच्या किंचित आधीच पुढच्या दृश्यात उतरते, आणि त्यामुळे त्यांतली ऊब पुढच्या कोरड्या, दिवसाउजेडीच्या दृश्यांतही रेंगाळते.

कथानकाचा दुसरा आधार आहे कायदा. मृत्युपत्रात एका विशिष्ट तांत्रिक चुकीमुळे ते रद्द ठरू शकते, आणि रद्द ठरले तर मालमत्ता कोणाकडे जाते, यावर सगळा डाव उभा आहे. वकिलाच्या पूर्वीच्या एका चुकीचा धागा यात गुंफलेला आहे. प्रेमिकाची निवड करताना मॅटीने त्याची देहयष्टी पाहिली नव्हती, त्याचे अपयश पाहिले होते, हे उमगते तेव्हा आधीचे सगळे प्रसंग डोळ्यांपुढून पुन्हा सरकतात. हा भाग ऐकून समजून घ्यावा लागतो, आणि उत्तरार्धात वकिलांच्या कचेरीतील एक प्रसंग थोडा जड झाला आहे हे मान्य करावे लागेल.

लहान भूमिकांत मिकी रूर्क यांनी रंगवलेला आग लावण्यात वाकबगार असलेला टेडी लक्षात राहतो. गुन्ह्यात चूक होण्याच्या कितीतरी जागा असतात आणि त्यांतल्या निम्म्या जरी आधी सुचल्या तरी माणूस अलौकिक बुद्धीचा ठरेल, असे तो आपल्या वकिलालाच बजावतो. सगळ्या चित्रपटात नेडच्या भल्याचे कळकळीने बोलणारा माणूस एक गुन्हेगार असावा, ही योजना मला हृद्य वाटते. टेड डॅन्सन यांचा सरकारी वकील बंदरावरच्या दिव्याखाली एकटाच नाचाची पावले टाकतो, आणि कथेशी फारसा संबंध नसलेले ते काही क्षण या घुसमटलेल्या चित्रपटात वाऱ्याच्या झुळुकीसारखे येतात. जे. ए. प्रेस्टन यांचा ऑस्कर हा तर चित्रपटाचा सद्सद्विवेक आहे. मित्रावर संशय घेण्याची वेळ आलेल्या माणसाचा थकवा त्यांनी नुसत्या खांद्यांच्या ठेवणीतून दाखवला आहे.

‘बॉडी हीट’वर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते बाजूला सारता येण्यासारखे नाहीत. फ्रेडरिक जेम्सन या विचारवंताने १९८४ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात या चित्रपटाला स्मरणरंजनाचे उदाहरण ठरवले होते. लहान गावाची पार्श्वभूमी निवडून चित्रपट आपल्या वर्तमानकाळाच्या खुणा पुसतो, श्रेयनामावलीची अक्षरेही जुन्या काळाची आहेत, आणि त्यामुळे १९८१ मधली ही गोष्ट कुठल्याशा अनिश्चित, चाळीसच्या दशकासारख्या काळात तरंगते, असा त्यांचा मुद्दा होता. निरीक्षण अचूक आहे. छताला फिरणारे पंखे, हॅट, पांढरे कपडे, ही सगळी मांडणी जुन्या चित्रपटांच्या आठवणीतून आलेली आहे.

पण एका प्रसंगाकडे या आक्षेपाच्या प्रकाशात पाहिले की मला वेगळे काही दिसते. मॅटी नेडला जुन्या धर्तीची फेडोरा हॅट भेट देते. तो ती डोक्यावर घालतो आणि गाडीच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहतो. त्या काचेत त्याला न्वारचा नायक दिसतो, धीट, चलाख, स्त्रीसाठी काहीही करू शकणारा. तो पोशाख त्याला चढवला आहे तो त्याला बळी देणाऱ्या स्त्रीने. जुन्या चित्रपटांची भूल ही येथे दिग्दर्शकाची सजावट राहत नाही, ती नायकाची दुबळी बाजू बनते, आणि मॅटी तिचा वापर करते. न्वार हा येथे पोशाख आहे हे चित्रपटाला पक्के ठाऊक आहे. पुढच्या अनुकरणकर्त्यांनी मात्र ती हॅट घेतली आणि काचेतले प्रतिबिंब विसरून गेले.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. मॅटीच्या मनात आपल्याला कधीही प्रवेश मिळत नाही. न्वारच्या घातक स्त्रीचे हे जुनेच भागधेय आहे, आणि या चित्रपटाने तिला बुद्धी, पुढाकार आणि विजयाची शक्यता दिली असली तरी तिची भीती, तिचा एकटेपणा, तिला या वाटेवर आणणारे आयुष्य हे सर्व दोनचार वाक्यांत उरकले आहे. रहस्य टिकवण्यासाठी हे आवश्यक होते, असा बचाव करता येईल. तरी तिची जुनी मैत्रीण म्हणून येणाऱ्या मेरी अ‍ॅनच्या वाट्याला एवढा कमी वेळ यावा, याची मला रुखरुख लागून राहते, कारण दोन स्त्रियांमधली ती अर्धवट उजेडातली गोष्ट कदाचित मुख्य गोष्टीइतकीच दाहक ठरली असती. १९९६ मध्ये वाचोव्स्की यांच्या ‘बाउंड’ने दोन स्त्रियांची प्रेमकथा न्वारच्या मध्यभागी आणली आणि त्यांच्यातील विश्वास हाच रहस्याचा विषय केला, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

संवादांबद्दलही थोडे. ते घासूनपुसून चकचकीत केलेले आहेत, आणि पहिल्या भेटीतील जुगलबंदी ऐकताना प्रत्यक्षात कोणी असे बोलत नाही हे जाणवते. माझ्या मते पहिल्या अर्ध्या तासात हा कृत्रिमपणा शोभतो, कारण दोघेही तेव्हा एकमेकांसमोर अभिनय करत असतात. पुढे भीती वाढत जाते तशी वाक्ये आखूड होतात, मौन लांबते, आणि भाषेतला हा उतार पटकथाकार म्हणून कॅस्डन यांच्या संयमाची साक्ष देतो. त्याआधी त्यांनी ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या पटकथेवर काम केले होते आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची पटकथा लिहिली होती. एवढ्या वेगवान साहसकथांनंतर दिग्दर्शक म्हणून पहिल्याच प्रयत्नात त्यांनी अशी मंद आचेवरची कथा निवडली.

चित्रपट सुमारे ११३ मिनिटांचा आहे आणि तो खरोखरच प्रौढांसाठी आहे, केवळ नग्नतेमुळे नव्हे, तर माणूस स्वतःला किती आनंदाने फसवतो हे पाहण्याची तयारी त्याला लागते म्हणून. तो मोठ्या पडद्यावर किंवा निदान पूर्ण अंधार केलेल्या खोलीत पाहावा. फोनच्या पडद्यावर धुक्यातल्या खुनाच्या रात्रीचा निम्मा तपशील हरवतो, आणि या चित्रपटात तपशील हरवला की पुरावाच हरवतो. दोनदा पाहावा, आणि दोन्ही वेळांत काही दिवसांचे अंतर ठेवावे. दुसऱ्या वेळी नेडकडे न पाहता, तो बोलत असताना समोर बसलेल्या मॅटीच्या डोळ्यांकडे पाहावे, आणि बागेतल्या घुमटीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या स्त्रीला तो मॅटी समजून हाक मारतो, तिथे जरा थांबून ती चौकट नीट पाहून घ्यावी.